उरणचं मीठ आणि सहा नंबरचे बूट

परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी भेटेल तो एकच विचारतो, "थंडी किती होती?" मी सांगते, उणे आठ. समोरचा "बापरे" म्हणतो आणि विषय संपतो. मला तो तिथे संपवायचा नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. तुमच्यापैकी कोणाला बर्फात तंबू ठोकून राहायची हौस असेल तर यात दोन-चार उपयोगाच्या गोष्टी सापडतील. पहिली आत्ताच सांगून टाकते: बर्फावर मीठ टाकू नका. केमिस्ट्रीची पदवीधर सांगते आहे. माझं ऐका.

आम्ही चौघी. पनवेलच्या कॉलेजातल्या. आता सगळ्याच पन्नाशीच्या उंबरठ्यावर. माधवी करंजाड्याला राहते आणि बँकेत आहे. शाहिदाचं पनवेलच्या बाजारात शिवणकामाचं दुकान आहे. सुगंधा उरणजवळच्या मोरा बंदरातली, मोऱ्याची, धक्क्याजवळ मासळीचा धंदा करते. आणि मी रंजना, मिठागरवाल्यांची पोर. उरणच्या बाजूला आमचं मिठागर होतं. आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. मी. घरातली कसली, आख्ख्या आळीतली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. बाबा एसटीतल्या अनोळखी माणसांनाही सांगायचे, मग मी का लाजू? आता एका औषधाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही.

बर्फाचं खूळ मुळात सुगंधाचं. जन्म बर्फात गेला तिचा, पण तो कारखान्यातल्या लाद्यांचा, फोडून भुगा केलेला, वर पापलेटं मांडलेला. गेल्या गणपतीत माझ्याकडे मोदक खाता खाता म्हणाली, "रंजू, मना एकदा असा बरफ बघायचाय ज्याच्यात मासळी नाय. आणि खालून नाय बघायचा. वर, टोकाला उभं ऱ्हायचंय."

ठरवायचं काम मी अंगावर घेतलं. कामं अंगावर घ्यायची मला सवय आहे. पण यावेळी कारण निराळं होतं, ते आधीच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये बंद बुटांशिवाय पाऊल टाकू देत नसत. मी आणि सुगंधा, दोघींच्या पायात स्लिपर. बाबांनी मला कॅनव्हासचे बूट घेतले, सहा नंबरचे. सुगंधाचाही पाय सहाच. तिची प्रॅक्टिकलची बॅच सकाळची, माझी दुपारची. मग काय, जिन्याखाली पाण्याच्या टाकीपाशी ती बूट काढायची आणि मी घालायची. आतून गरम असायचे, थोडे ओलेही. तीन वर्षं आम्ही एका जोडीवर काढली आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेचे नंबर लागले तेव्हा दोघी एकाच बॅचला आलो. बूट माझ्या पायात होते. सुगंधाला दारातून परत पाठवलं. पुन्हा ती परीक्षेला बसली नाही. वर्षभरात लग्न झालं आणि धक्क्यावर टोपली घेऊन बसली. ती गोष्ट तिने कधी काढली नाही. मीही नाही. माझं सर्टिफिकेट मात्र हॉलमध्ये फ्रेममध्ये आहे, आणि ती घरी आली की त्याच्याकडे पाठ करून बसते. की मलाच तसं वाटतं, कोण जाणे.

तर तिला टोकावर उभं करायचंच, हे मी ठरवलं होतं.

तयारी

दिवाळीनंतर दर रविवारी कर्नाळा. आमच्याकडची थंडी म्हणजे काय, सकाळी स्वेटर घालायचा आणि पळस्प्याला चहा पिता पिता काढून कमरेला बांधायचा. माधवीने मोबाइलवर बघून अकरा प्रकारचे कपडे मागवले. "लेअरिंग असतं गं," ती म्हणे. शाहिदाने चौघींना आतून फ्लीस लावलेल्या विजारी शिवल्या. रंग मात्र उरलेल्या कापडाचे. माझी एक तंगडी जांभळी होती. सुगंधाने सुकटीची चटणी आणि तळलेले बोंबील आणले, सात पदरी बांधून. तरी जीपवाल्याला कळलंच.

आणि मी घेतलं दोन किलो मीठ. हसू नका. आमचं मिठागर आता बुजलं, तिथे कंटेनर उभे असतात. शेवटच्या वर्षीचं एक पोतं माळ्यावर आहे. बाकीचे लोक पेढे घेऊन जातात, मी कुठेही गेले की आमचं जाडं मीठ नेते.

मोरी आणि पुढे

प्रवासाचं लिहीत नाही. डेहराडूनपर्यंत सगळे सारखेच जातात आणि पुढे घाटात सगळ्यांना सारखंच मळमळतं. वाटेत मोरी नावाचं गाव लागलं. पाटी वाचून सुगंधा जीपमध्ये उठूनच उभी राहिली. "मोऱ्याची बाय मोरीला आली! माधवी, काढ फोटो." त्या पाटीखालचा फोटो आता धक्क्यावरच्या प्रत्येक कोळणीच्या मोबाइलमध्ये आहे.

मोरीच्याही पुढे आम्ही ज्या गावात राहिलो त्याचं नाव मी लिहीत नाही. आमचा गाइड बलवीर याने हात जोडून सांगितलं होतं, "मैडम, नाम मत लिखना. शोर आ जाता है." गावात तीस-पस्तीस घरं, सगळी देवदाराच्या लाकडाची, खाली गुरं आणि वर माणसं. आमच्याकडे गोठा घराच्या मागे. इथे गुरांची ऊब वर येते म्हणून ती पायाखाली. शाहिदा म्हणाली, "माशाल्ला, हिटर शेणासकट."

बलवीरच्या आईने आम्हाला चुलीपाशी बसवलं आणि मंडुव्याच्या भाकऱ्या पुढे टाकल्या. पहिला घास घेतला आणि आम्ही तिघी एकदम म्हणालो, "नाचणी!" माधवी म्हणाली, "फिंगर मिलेट," म्हणून तिला राजमा उशिरा मिळाला. अम्मा पाट्यावर मीठ वाटत होती: लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणखी कुठला तरी पहाडी पाला. हे हिरवं मीठ भाकरीला, काकडीला, भाताला, सगळ्याला लावतात. त्याचा वास आला आणि मी उठून सॅकमधून माझी पुरचुंडी काढली.

अम्माने एक खडा जिभेवर ठेवला. "कहाँ का है?"

"हमारे खेत का," मी म्हणाले.

"नमक का खेत?" तिने बलवीरकडे बघितलं. ही बाई थट्टा करते आहे का, असं.

मग सुगंधाने जमिनीवर बोटाने चौकोन काढले, ओंजळीने पाणी ओतल्यासारखं केलं, वर सूर्य दाखवला, आणि दोन्ही हातांनी ओढून ढीग केला. एक शब्द न बोलता. अम्मा डोळे विस्फारून बघत राहिली. मग तिने सांगितलं की तिच्या सासऱ्याच्या वेळी मिठासाठी पुरुष माणसं कित्येक दिवस चालत जायची. मीठ सांडलं तर पोरांना मार बसायचा. माझं एक किलो मीठ तिने कपाळाला लावून घेतलं. बाबांनी हे बघायला हवं होतं.

उरलेलं एक किलो माझ्या सॅकमध्ये राहिलं. तिथेच घोटाळा झाला.

तळ

दुसऱ्या दिवशी चढायला लागलो. पुढे बलवीर, त्याच्या मागे त्याचं खेचर रानी, तिच्या पाठीवर तंबू आणि भांडी, मागे आम्ही. दोन तासांनी देवदारांच्या सावलीत पहिला बर्फ दिसला, मळकट, वाळक्या काड्या पडलेला. सुगंधा वाकली, मूठभर उचलला, दाबून बघितला आणि धंदेवाईक चेहऱ्याने म्हणाली, "भुगा बरा हाय. पण सुरमईला नाय टिकणार."

पुढे झाडं संपली आणि एक मोठं पठार उघडलं, पांढरं, कुठेही पाऊल नाही. पलीकडे धार, धारेच्या वर टोक. एवढी शांतता की माधवीच्या जॅकेटची चेन ओढल्याचा आवाज पठारभर गेला. आपल्याकडे शांतता म्हणजे लोडशेडिंग. ही तशी नव्हती. सुगंधा टोकाकडे बघत उभी होती. "तिथे?" तिने विचारलं. "तिथे," मी म्हणाले. "उद्या."

दोन तंबू लागले. एकात मी आणि सुगंधा, दुसऱ्यात त्या दोघी. तंबूच्या तोंडाशी एक छोटी पडवी असते, बूट तिथे काढायचे. जागा थोडी उताराची होती. सगळ्यांच्या वर्दळीने तंबूपुढचा बर्फ दाबून दाबून काचेसारखा झाला आणि माधवी आमच्या तंबूत डोकवायला आली ती घसरून थेट बसलीच. अकरा लेअर होते म्हणून वाचली.

"थांबा," मी म्हणाले, "याला उपाय आहे." आणि मीठ काढलं.

सुगंधा चहा पीत होती. ती म्हणाली, "अगो नको टाकू. बरफात मीठ टाकलं का जास्ती गार होतो. आमी लांब माल पाठवायचा तर तसाच करतांव. आणि पाणी सुटतं त्याचं, खारं."

आता मी काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते. लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "सुगंधा, केमिस्ट्री आता तू मला शिकवणार का?"

तिने चहा संपवला, कप उपडा केला.

किलोभर मीठ मी तंबूसमोर आणि पडवीच्या कडेने शिंपडलं. दुपारचं ऊन होतं. दहा मिनिटांत बर्फ चुरचुरला, मऊ झाला, घसरण गेली. शाहिदाने टाळ्या वाजवल्या. "वा, सायंटिस्ट!" मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. बलवीर पाणी घेऊन आला, खाली बघितलं, चिमूट उचलून चाखली. "बर्फ पे नमक, मैडम?" एवढंच म्हणाला आणि गेला. मला वाटलं, कौतुक करतोय.

जेवणात खिचडी, त्यावर सुकटीची चटणी. बलवीरने तीनदा मागून घेतली आणि वास रानीला आला तर ती वाट सोडून पळेल, असं म्हणाला. उजेड होता तोवरच आम्ही झोपायच्या पिशव्यांत शिरलो.

सकाळ

सहाला निघायचं होतं. मी चेन उघडून पडवीत हात घातला आणि हात ओढून घेतला. विस्तव लागावा तसा गारठा. माझे बूट वरच्या अंगाला, सॅकवर ठेवलेले, कोरडे. सुगंधाचे खालच्या अंगाला. माझ्या मिठाचं सगळं पाणी रातोरात उताराने तिथे जमलं होतं आणि ते गोठलंही नव्हतं, कारण खारं पाणी एवढ्यात गोठत नाही. त्या राड्यात तिचे दोन्ही बूट घोट्यापर्यंत बुडून उभे होते.

कुल्फीवाला बर्फात मीठ का घालतो, हे मला पहिल्या वर्षाला होतं. पाठ होतं. पाच मार्कांना यायचं.

बलवीरने बूट उलटे केले. पाणी धार लागून पडलं. त्याने आतला लोकरीचा नमदा दाबून बघितला आणि मान हलवली. "ये दीदी ऊपर नहीं जाएगी. गीले जूते में उँगलियाँ चली जाती हैं." जास्तीचे बूट नव्हते, भाड्याने मोजून चारच जोड घेतले होते.

शाहिदा माझ्याकडे बघत होती, माधवी दुसरीकडे. सुगंधा पिशवीत बसून, गुडघ्यापर्यंत पांघरून, टोकाकडे बघत होती. तिथे नुकतं ऊन लागायला लागलं होतं, एका बाजूने, पिवळं.

"जावा तुमी," ती म्हणाली. "मी रानीजवळ बसते. आमचं जमतं."

मी माझे बूट उचलले आणि तिच्या पुढ्यात ठेवले.

"येडी हाय का? तू ठरवलीस सगळी ट्रिप."

"घाल. सहा नंबर आहे."

"मना ठाव हाय किती नंबर हाय."

मग मी ते बोलले. सगळ्यांसमोर, बलवीरलाही काय कळायचं ते कळो म्हणून. "सुगंधा, तू काल सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. माझं चुकलं. आणि परीक्षेच्या दिवशीही चुकलं. माझं प्रॅक्टिकल आधी आटपून, सरांना सांगून बाहेर येऊन तुला बूट देता आले असते. मी आत गेले ती गेलेच. मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

सुगंधाने पिशवी गुडघ्यांखाली सारली. रानीने फुरफुर केलं.

"मी बघत होते ना," ती म्हणाली. "जाळीतून. तू ब्युरेटची नळी भरलीस तवापर्यंत उभी होते."

"राग आला होता?"

"आला होता म्हणजे? तुझ्या लग्नात जेवले नाय मी. उपास हाय सांगितलं." मग तिने पाय पिशवीतून बाहेर काढला आणि पुढे केला. "आता नाडी तरी बांध. या दोन-दोन मोज्यांत मना वाकता येत नाय."

मी बर्फात गुडघे टेकले आणि तिच्या नाड्या बांधल्या, दुहेरी गाठ मारून. बोटं बधिर होती, वेळ लागला. ती उभी राहिली, दोनदा पाय आपटले. "तवा पण करंगळीला लागायचे तुझे बूट," म्हणाली आणि बलवीरच्या मागे चालायला लागली. शाहिदाने जाता जाता माझा गाल ओढला.

मी आणि रानी

पुढचे पाच तास मी मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून, चटईवर उभी. स्टोव्हपाशी सुगंधाचे बूट सुकत घातले. वाफ यायची, पण सुकायचे नाहीत. पठारावर चार ठिपके लहान लहान होत गेले. सर्वांत पुढे बलवीर, त्याच्या टाचेला टाच लावून सुगंधा, मग शाहिदा, आणि मागे माधवी, ती प्रत्येक शंभर पावलांवर फोटो काढत असणार.

तेवढ्यात मागून चाटल्याचा आवाज आला. रानी दोर ताणून आमच्या पडवीपाशी आली होती आणि तो खारा राडा मन लावून चाटत होती. तंबूच्या तोंडापासून सुरुवात करून तिने अख्खा अंगठ्याएवढा जाड थर साफ केला. माझ्या केमिस्ट्रीचं चीज झालं ते तिथेच. "चाट बाई," मी तिला म्हणाले, "उरणचं आहे."

मग मी धारेकडे बघत राहिले. ठिपके धारेवर पोचले, नाहीसे झाले. टोकावर खूप वेळ काहीच नाही. मी चहा केला, तो गार झाला, परत गरम केला. आणि मग टोकावर एक ठिपका उभा राहिला. एकच. दोन्ही हात वर करून नव्हता, काही नाही, नुसता उभा. धक्क्यावर बोट यायची वाट बघताना ती उभी राहते तसा, एका पायावर भार टाकून. इतक्या लांबून चेहरा दिसणं शक्य नव्हतं, पण ती उभी राहायची ढब मी कुठूनही ओळखेन.

मी चटईवर उड्या मारल्या. बघायला फक्त खेचर होतं.

परत तळावर

अकराच्या सुमारास चौघं खाली आली. माधवीचं नाक लाल, शाहिदा बोलायच्या पलीकडे दमलेली. सुगंधा सरळ माझ्याकडे आली आणि चटईवर बसली. तिचे ओठ फुटले होते.

"काय दिसलं गं?" मी विचारलं.

तिने विचार केला. "समुद्र हाय तसाच. लाटा पण हायत. फक्त हलत नाय."

मी तिला चहा दिला. तिने तो दोन घोटांत संपवला, कप उपडा केला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. माझी दुहेरी गाठ सुटेना, तेव्हा मला शिवी दिली. दोन्ही बूट काढले आणि माझ्या पुढ्यात सरकवले.

"घाल."

"कशाला? आता खाली उतरायचं. तुझे सुकतील तोवर..."

"बलवीरभाऊला मी विचारलंय. टोकापर्यंत नाय, पण त्या धारेपर्यंत नेतो बोलला. एक तास वर, अर्धा खाली. ऊन हाय अजून." तिने माझ्या पायांच्या पिशव्या सोडायला घेतल्या. "सकाळची बॅच झाली. आता दुपारची तुझी."

बलवीर काठी घेऊन उभा होताच. मी पाय आत घातला. बूट आतून गरम होते, आणि थोडे ओले.